बुटावरचं उणे चाळीस

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, आणि यापुढं कुणी विचारलं की हेच पुढं ढकलणार आहे, पुन्हा पुन्हा तोंड दुखवून घेणार नाही. डिसेंबर लागला की माझा फोन सुरू होतो. "भावा, काश्मीरला निघालोय, गुलमर्गला ती बर्फावरची गाडी चालवायची हाय, बूट कसलं घेऊ?" मी अर्धा तास सांगतो, समोरचा हं हं करतो, आणि मग गुलमर्गच्या वाटेवर तंगमर्गला ड्रायव्हर ज्या दुकानापुढं गाडी लावतो तिथलाच गमबूट भाड्यानं घालून बर्फात उभं राहिलेला फोटो मला येतो. खाली लिहिलेलं असतं, काय नाय झालं बघ. बरं झालं बाबा नाही झालं, मला तरी कुठं वाटतंय तुला काही व्हावं.

दुसरा प्रश्न तोंडावर कमी आणि चहाच्या गाड्यावर जास्त चालतो. ह्याला बुटाचं एवढं काय पडलंय? शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आयुष्य गेलं, चौदाशे डिग्रीचं लोखंड ओतायला शेजारी उभा राहणारा माणूस, आणि थंडीला घाबरतोय? कोल्हापुरात, चप्पल लाईनच्या गावात राहून माळ्यावर बर्फाचे बूट? त्यांची किंमत मी एकदा खरी सांगितली होती, तेव्हापासून ती दर दिवाळीला वाढत चालली आहे, सध्या ऐकतो ती पस्तीस हजारांवर गेली आहे. तेवढे नाहीत ते. पण स्वस्तही नाहीत.

आधी त्या आकड्याचं बोलतो, कारण सगळे तिथंच फसतात. बुटाच्या डब्यावर उणे ३०, उणे ४० असं छापलेलं असतं. हा आकडा बहुतेक वेळा कंपनीनंच ठरवलेला असतो, सगळ्या कंपन्यांना बांधून ठेवणारं एकच मोजमाप नाही, आणि त्यात माणूस काय करतोय हे धरलेलं असतंच असं नाही. चालणाऱ्या माणसाचा पाय स्वतः गरम होत असतो, बूट फक्त ती ऊब धरून ठेवतो. स्नोमोबाइलवर, म्हणजे त्या बर्फावरच्या गाडीवर, तुम्ही बसलेले असता. पाय हलत नाही, खाली धातूचं पायठाण असतं, समोरून वारं. बूट काही शेगडी नाही, पायानं ऊब दिली तर तो राखणार, दिलीच नाही तर काय राखणार. हवा उणे १८ असेल आणि गाडी ताशी ४० नं चालली असेल तर उघड्या कातडीला ते उणे ३१ सारखं लागतं. पाय बुटात झाकलेला असतो हे मान्य, पण बुटाच्या अंगावरची ऊब ते वारं ओढतच असतं.

आता माझं सांगतो. गावात ह्याच्या चार-पाच आवृत्त्या फिरतात, एकीत तर माझी दोन बोटं कापली आहेत. बोटं जागेवर आहेत, मोजून बघा.

आमच्या कास्टिंगची, म्हणजे ओतलेल्या लोखंडी भागांची, एक तक्रार होती, त्यासाठी कंपनीनं मला स्वीडनला पाठवलं. पार उत्तरेला, लुलेओच्या बाजूला, फेब्रुवारीत. तिथं बोथनियाच्या आखाताचं पाणी गोठतं आणि लोक त्यावरून गाड्या नेतात. तक्रारीचं काम दोन दिवसांत मिटलं (दोष आमचा नव्हता, हे लिहून ठेवतोच), आणि शनिवारी तिथला एक इंजिनिअर म्हणाला चला, तळ्यापलीकडं माझी लाकडी खोली आहे, स्नोमोबाइलनं जाऊ. तिकडं ही गाडी चालवायला वेगळा परवाना लागतो, म्हणून मी मागं बसणार होतो. बूट त्याच्या मोठ्या पोराचे दिले. बघितल्यावरच जीव खूश झाला, खाली जाड रबर, वर चामडं, आत काढता-घालता येणारा फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, मोजा, आणि बाजूला छापलेलं उणे ४०. घरात घालून बघितले, बरोबर बसले. निघताना त्याच्या बायकोनं, त्या माउलीनं, लोकरीच्या मोज्यांची आणखी एक जोडी आणून दिली. आपल्याकडं कसं पाहुण्याला वर एक भाकरी वाढतात, तसंच. मी घातली. बूट चढला, जरा दाबून, पण चढला.

पहिली पंधरा-वीस मिनिटं मी जन्मात एवढा खूश नसेन. झाडं, पांढरं, आणि तो आवाज. मग बोटं टोचायला लागली. मग टोचायची थांबली, आणि मला वाटलं चला, गरम झाली. इथंच सांगून ठेवतो, टोचणं थांबलं म्हणजे पाय गरम झाला असं नसतं, तिथली जाणीवच गेलेली असू शकते. मला तेव्हा हे कोण सांगणार होतं? आमच्या शाहूपुरीत कधी पारा शून्याला गेलाय?

तळ्याच्या मधोमध गाडी रुतली. वरून कोरडा बर्फ दिसत होता आणि आत पाणी होतं. वर बर्फाचं वजन पडलं की खालचा जाड थर दबतो, भेगांतून तळ्याचं पाणी वर येतं, आणि वरच्या भुसभुशीत बर्फाच्या पांघरुणाखाली ते गोठत नाही, रबडीसारखं पडून राहतं. मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. गाडी ढकलायला मी उतरलो आणि गुडघ्याच्या थोडं खाली आत गेलो. बूट वॉटरप्रूफ होता हो! तळातून, शिवणीतून एक थेंब आत आला नाही. वरून आला. पॅंटचा पाय बुटात खोचलेला, बुटाच्या वरच्या काठाला आवळायची दोरी होती ती सैल, आणि पाणी असं आत गेलं की बघायला नको. आणि तो सगळा वॉटरप्रूफपणा मग उलटा कामाला लागला, आत गेलेलं पाणी त्यानं इमानदारीत आत ठेवलं. फेल्ट भिजला. दोन मोजे भिजले. गाडी निघायला वेळ लागला, खोलीवर पोचायला अजून.

खोलीत शेगडी होती. मी सरळ पाय तिकडं न्यायला लागलो तर इंजिनिअरच्या बायकोनं, तीही सोबत आली होती, मला खांद्याला धरून मागं ओढलं, अक्षरशः. बधीर कातडीला चटका कळत नाही, भाजेल तरी समजणार नाही, म्हणून. चोळूही दिलं नाही. बूट काढताना तिनं डावा मोजा सोलला, आणि अंगठा आणि शेजारचं बोट मला दिसलं. पांढरं, पण आजारी माणसाच्या नखासारखं पांढरं नव्हे. मेणाचं. दाबलं तर दबत नव्हतं. मी ते बोट बघत होतो आणि ते माझं आहे असं वाटत नव्हतं. तिनं बादलीत कोमट पाणी केलं, हात घालून घालून बघितलं, अंगाच्या उबेपेक्षा अगदी किंचित जास्त, ३७ ते ३९ डिग्री ठेवायचं असतं. पाय आत ठेवला. काही वेळ काहीच नाही. आणि मग जे सुरू झालं ते... फौंड्रीत माझ्या मनगटावर एकदा लोखंडाचा थेंब उडालाय, खूण अजून आहे, ते ह्यापुढं काहीच नव्हतं. मी रडलो, परक्या लोकांत, परक्या देशात, शर्टाची बाही चावत. तो इंजिनिअर बाहेर जाऊन लाकडं फोडत बसला, बहुधा माझी लाज राखायला. 

नंतर फोड आले, डॉक्टरनं बघितलं, वरवरचं आहे म्हणाला. दोन्ही नखं काळी पडली आणि गळली, नवीन आली. एवढंच. पण ती बोटं आता थंडीला वेगळी वागतात, जानेवारीत पहाटे रंकाळ्यावर फिरायला गेलं तरी झिणझिण्या येतात. कापशी कोल्हापुरी घातली की चपलेचा अंगठा नेमका तिथंच घासतो. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो, खरं सांगतो. चाळीस वर्षं कापशी घातली होती, करकर वाजवत, आता लग्नकार्यातसुद्धा बूट.

तर आता म्हणाल, मग चूक कुणाची. हेच मला स्वतःशी भांडत बसायला होतं. जायच्या आधीचा मी मोठा शहाणा होता. त्याचं म्हणणं असं की फौंड्रीत जन्म गेला, पायाचं रक्षण आम्हाला कोण शिकवणार. पोअरिंगवाल्याचे, म्हणजे लोखंड ओतणाऱ्याचे, बूट झटक्यात काढता आले पाहिजेत, आत लोखंड गेलं तर नाडी सोडायला वेळ नसतो, हे आम्ही नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतो. त्या माणसाला मी आता सांगायला जातो की बाबा तुझे बूट उष्णता बाहेर ठेवायचे, इथं आत ठेवायची आहे, तर तो म्हणतो एकच की ते. आणि त्याला पुरतं खोडून काढता येत नाही, कारण तत्त्व एकच आहे. फरक आहे तो हवेचा. पाय आणि बूट यांच्यामध्ये, फेल्टच्या धाग्यांत जी अडकलेली हवा असते तीच ऊब धरते, तिला दाबून घालवली की उणे चाळीसचा बूट नुसता जड बूट राहतो. वर रक्त अडतं ते वेगळंच. दोन मोज्यांनी माझी हवाही घालवली आणि रक्तही. पाणी नंतर आलं, बोटं त्याआधीच गेली होती, असं मला आता वाटतं. घरातलं कुणी हे मानत नाही, सगळ्यांना पाण्याची गोष्ट आवडते.

आणि फौंड्रीतले जे मला म्हणतात आपले सेफ्टी शूजच घेऊन जा की, मजबूत असतात, त्यांना हात जोडून. पुढं पोलादाची वाटी असते त्यात. ती थंड झाली की बोटांची ऊब शोषत बसते.

आता कोणते घ्यायचे. ब्रॅंड विचारू नका, पाय माझा आणि तुमचा वेगळा. आपले पाय आयुष्यभर चपलेत पुढून पसरलेले असतात, बोटं मोकळी, आणि बाहेरचे बरेच बूट पुढं निमुळते. लांबी बघून नंबर घेतला की रुंदीला मार खाता. संध्याकाळी दुकानात जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो, आणि जो एक जाड लोकरीचा मोजा घालणार तोच घालून बघा. एकच. सुती नको, सुती भिजला की ओलाच राहतो. आत बोटं उचलता-हलवता आली पाहिजेत, टाच मात्र उचलली जाता कामा नये. बूट पोटरीपर्यंत हवा आणि वर आवळायची दोरी हवी, पॅंट बुटावरून खाली घ्यायची, आत खोचायची नाही. आतला मोजा काढता येणारा असेल तर उत्तम, कारण पाणी नाही गेलं तरी घाम येतोच, रात्री तो काढून खोलीत वाळवायचा, पण हीटरला चिकटवून नाही. थिन्सुलेटचे, म्हणजे कृत्रिम धाग्यांच्या उबदार अस्तराचे, बूट असतील तर त्यावर २००, ४००, ८०० ग्रॅम असं लिहितात, ते बुटाचं वजन नव्हे, एका चौरस मीटरला अस्तर किती ते. बसून राहणाऱ्याला जास्तीचंच बरं. तळ जाड हवा, कारण तुमच्या वजनानं खालचं अस्तर दबतंच. नाडीपेक्षा चकती फिरवून आवळायचा बूट मला बरा वाटला, हातमोजे घालून नाडी बांधून बघा एकदा म्हणजे कळेल. आणि जीभ बघा, बुटाची, ती दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली आहे का. नसेल तर बाकी सगळं वॉटरप्रूफ असून उपयोग नाही, तिथूनच येतं. मी माझे आणले तेव्हा अंगणात घमेल्यात पाणी भरून त्यात उभा राहिलो, पेपर वाचत, अख्खा. शेजारचे काका गेटातून म्हणाले, काय हो, नवस का?

ज्यांना साखर आहे त्यांनी मात्र चेष्टा करू नये. पायाची जाणीव आधीच कमी झालेली असेल तर टोचायची पायरीही कळणार नाही. त्यांनी गाडीवरून उतरून, बूट काढून, डोळ्यांनी बोटं बघावीत, लाज सोडून.

आता खरं बोलायचं तर गुलमर्गला किंवा मनालीजवळच्या सोलंगला तुम्ही त्या गाडीवर किती वेळ बसणार? थोडा वेळ, तेही उन्हात, शेजारी चहाची टपरी. भाड्याचा गमबूट रबराचा असतो, पाणी आत येऊ देत नाही, फक्त ऊब धरत नाही आणि आधीच्या गिऱ्हाइकाचा घाम आत असतो. कोरडा निवडून घेतला, आत फेल्टचा तळवा टाकला, एक लोकरीचा मोजा घातला, तर बहुतेकांचं भागतंय. फोटो पाठवणारे खोटं बोलत नाहीत. मग मी त्यांना पंधरा मिनिटांच्या मजेसाठी एवढा खर्च का करायला सांगतो? बायको म्हणते तुम्ही लोकांना बूट नाही सांगत, तुमचं दुखणं सांगता. असेल. पण माझ्या जागी ती बोटं बघितलेली असती तर तिनं काय सांगितलं असतं, हे विचारलं की ती विषय बदलते.

या जानेवारीत आम्हीच निघालोय, पोरीचा हट्ट. माझे बूट माळ्यावरून काढून दुरुस्त-बिरुस्त करून ठेवलेत. तिघींचे राहिलेत. बायको म्हणते तंगमर्गला भाड्यानं घेऊ, सासूबाई म्हणतात मी गाडीत बसूनच बर्फ बघते, आणि पोरीनं लाल केसाळ, घोट्याएवढेच बूट पसंत करून ठेवलेत, वर आवळायला दोरी नाही, जीभ शिवलेली नाही, पण कॅमेऱ्यात छान दिसतात म्हणे. तिकिटं काढून झालीत. बुटावरून गेले दोन दिवस बोलणंचालणं बंद आहे.