सातवा खांब

साताऱ्यात पहाटे अजिंक्यताऱ्यावर जाणारे खूप, मीही त्यातलाच. ६४व्या वर्षी एक विचित्र गोष्ट सुरू झाली. चढताना काही नाही, पण उतरताना दोन्ही पिंढऱ्या भरून यायच्या, पाय मणामणाचे व्हायचे. दगडावर २ मिनिटं टेकलं की सगळं साफ. पुढे सपाट रस्त्यावरही घरापासून सातव्या विजेच्या खांबाशी बसावं लागायला लागलं. मंडईत मात्र भाजीच्या हातगाडीवर कोपरं टेकून वाकलो की निवांत उभा राहायचो. सायकलही आरामात चालायची.

गुडघे झाले, कमरेचा पट्टा झाला, मधुमेहामुळे नसा कमजोर म्हणून बी-१२ झालं. यात ८ महिने गेले. मी जिथे जाईन तिथे "पाय दुखतात" एवढंच सांगत होतो. हातगाडीचं आणि उताराचं कुणी विचारलं नाही, मला सांगायचं सुचलं नाही.

मणक्याच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "चालून थांबल्यावर नुसतं उभं राहून बरं वाटतं, की बसावंच लागतं?" मग पावलावरची नाडी चाचपली. रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर उभ्या उभ्याही आराम पडतो आणि सायकलवरही दुखतं. माझी नाडी चांगली लागत होती. माझी मणक्यातली नळी, जिच्यातून पायांच्या नसा जातात, तीच अरुंद झाली होती. ती ताठ उभं राहिलं की आणखी आवळते, वाकलं की जरा मोकळी होते. उतारावर आपण मागे रेलतो, चढावर पुढे झुकतो. माझ्या पायांनी हे केव्हाच सांगितलं होतं.

एमआरआयची फिल्म त्यांनी उजेडात धरून दाखवली. कमरेच्या वरच्या भागाच्या आडव्या छेदांमध्ये नळी पांढरी आणि आत नसांचे सुटे सुटे ठिपके. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये मात्र पांढरं जवळपास गायब, नुसती काळपट फट. मागचे सांधे वाढलेले, मणके बांधून ठेवणारा पिवळा बंध जाड झालेला, पुढून गादी फुगलेली. तरी ते म्हणाले, "फिल्मवर असं दिसणारे पण काहीच त्रास नसणारे खूप असतात. मी फिल्मचं ऑपरेशन करत नाही." हे ऐकून मला त्यांचा भरवसा वाटला. लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली तर त्याच रात्री यायचं, हे त्यांनी कागदावर लिहून दिलं. सुनेने तो फ्रिजला चिकटवला.

आधी फिजिओथेरपी, पाठीवर झोपून गुडघे छातीशी घ्यायचे व्यायाम. नसांच्या गोळीने दिवसभर गुंगी यायची. मग मणक्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं. साखर ४ दिवस ३००च्या आसपास गेली, पण अडीच महिने चांगले गेले. नंतर दुखणं परत आलंच, आणि एके दिवशी डाव्या पायातली चप्पल मागेच राहिली, मला कळलंही नाही. तपासताना अंगठा वर उचलायची ताकद कमी भरली. तेव्हा ऑपरेशन ठरवलं. वाकवून काढलेल्या एक्स-रेत मणका सरकत नव्हता, म्हणून स्क्रू लागले नाहीत, नुसती नळी मोकळी केली. पायाचं दुखणं जाईल, कंबरेची खात्री नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात चाललो. पिंढऱ्या भरल्या नाहीत. आता सातवा खांब ओलांडून पार मंडईपर्यंत जातो. कंबर सकाळी धरते ती धरतेच. आणि डावा अंगठा अजून बधिर आहे, चप्पल पायात आहे ना ते खाली बघूनच कळतं.