परतीचा बाण कुठून काढू?

आमची 60 गिगाहर्ट्झची अ‍ॅम्प्लिफायर चिप फॅबमधून, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्यातून, आली आणि इनपुट काही न देताच आउटपुटवर 18 गिगाहर्ट्झला सिग्नल दिसायला लागला. सिम्युलेशनमध्ये याचा मागमूस नव्हता. दोन स्टेजमधली डिफरेन्शियल लाइन, म्हणजे एकमेकींच्या उलट सिग्नल नेणाऱ्या दोन तारांची जोडी, माझी, जेमतेम 300 मायक्रॉनची, म्हणून शोधायचं कामही माझ्याकडं आलं. तेव्हा जुलै होता, मी मालवणला घरी होते.

चार दिवस मी चुकीच्या जागी शोधलं. डिफरेन्शियल इम्पीडन्स 100 ओहमला नेमका बसत होता, लॉसही कमी. त्यातच पुन्हा पुन्हा खणत बसले.

पाचव्या रात्री लाइट गेली, नेट गेलं. बॅटरीच्या उजेडात वहीवर करंटचे बाण काढले. डिफरेन्शियलमध्ये एका तारेतून गेलेला करंट दुसरीतून परत येतो, ग्राउंडवाचून त्याचं फारसं अडत नाही. कॉमन मोडचे, म्हणजे दोन्ही तारांत सारखाच सिग्नल असतानाचे, दोन्ही बाण एकाच दिशेनं काढले, मग परतीचा बाण कुठून काढू? ग्राउंडमधून. आणि लाइनखालचं ग्राउंड तर मीच सप्लायची पट्टी न्यायला मधोमध तोडलं होतं! आई आतून हाका मारत होती, ‘जेवक ये गो.’ मला उठवेना.

सिम्युलेशनमध्ये दोन्ही टोकांचे पोर्ट, म्हणजे सिग्नल आत-बाहेर जायच्या जागा, मी एकाच आदर्श ग्राउंडला जोडले होते, त्यामुळे तुटलेली वाट तिथं जोडलेलीच दिसायची. सकाळी ग्राउंडचा खरा मेटल मॉडेलमध्ये घेतला, प्रत्येक पोर्टला त्याच्या जवळचं ग्राउंड दिलं. कॉमन मोडचा इंडक्टन्स एकदम वर गेला आणि 18 गिगाहर्ट्झपाशीच स्टॅबिलिटी ढासळली, म्हणजे तिथं चिप आपणहून सिग्नल काढू शकते हे दिसलं. आमच्या स्टेजमध्ये ट्रान्झिस्टरच्या आउटपुटकडून इनपुटकडं सिग्नल परत नेणारा गेट-ड्रेन कपॅसिटन्स मारायला आडवे जोडलेले कपॅसिटर आहेत. डिफरेन्शियलमध्ये ते फीडबॅक खोडतात, कॉमन मोडमध्ये मात्र त्याच कपॅसिटन्समध्ये भर घालतात. आधीच आग, त्यात वारा.

सप्लायची पट्टी बाजूनं फिरवली, ग्राउंड सलग केलं. ट्रान्सफॉर्मरच्या सेंटर टॅपला, म्हणजे गुंडाळीच्या मधल्या जोडणीला, 10 ओहमचा रेझिस्टर टाकला. डिफरेन्शियल सिग्नलला ती जागा शून्य व्होल्टची, त्यामुळे गेनला धक्का नाही. कॉमन मोडची ऊर्जा तेवढी त्यात जिरते.

नवीन लेआउटमध्ये 18 गिगाहर्ट्झ शांत आहे. एका तारेच्या कडेला ग्राउंडचे व्हाया (मेटलचे थर जोडणारे उभे खांब) दुसरीपेक्षा कमी बसलेत, त्यानं थोडा कॉमन मोड अजून डिफरेन्शियलमध्ये उतरतो. सध्या तेच जुळवतेय.