रिपीट शोधताना: माझा अनुभव

टेक्सटाइल डिझाइनच्या वर्गात पहिलं काम चित्र काढायचं नव्हतंच. घरातलं एखादं कापड आणा आणि त्यातलं रिपीट, म्हणजे नक्षीचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, शोधा, एवढंच. मी आईच्या ट्रंकेतला कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण नेला. एका बुट्टीच्या टोकाला टाचणी लावायची, उजवीकडे तेच टोक पुन्हा येतं तिथे दुसरी, वर येतं तिथे तिसरी. मधली अंतरं मोजली की रिपीट सापडलं. खणात हे पटकन जमतं. छापील साडीवर मात्र घाम फुटतो. वरवर सारखी दिसणारी चार फुलं असतात आणि प्रत्येकाचं पान वेगळीकडे वळलेलं!

'हाफ ड्रॉप', म्हणजे शेजारचं रिपीट अर्ध्या उंचीने खाली सरकलेलं, हे सर फळ्यावर समजावत होते. मागून मैत्रीण म्हणाली, "अगं, हे तर रांगोळीतले मधले ठिपके!" पुढे कुणाला काही विचारावं लागलं नाही.

मग स्वतःचं रिपीट. कागदाच्या मधोमध चित्र काढायचं, कडांना भिडू द्यायचं नाही. कागद उभा कापून तुकड्यांची अदलाबदल, मागून टेप. मग आडवा कापून पुन्हा तेच. आता चित्र चार कोपऱ्यांत जातं आणि मधे मोकळी जागा उरते, ती भरायची. त्याच्या नऊ झेरॉक्स फरशीवर तीन-तीनच्या ओळीत लावून मी खुर्चीवर चढून बघायचे. फुलांच्या आधी मोकळ्या जागाच डोळ्यांत भरतात. त्या एका रेषेत आल्या की कापडावर नको ते पट्टे उमटतात. सॉफ्टवेअर हे सगळं एका क्लिकमध्ये करतं, पण कात्री चालवल्याशिवाय त्याला हात लावू नये असं माझं मत झालंय.

सुट्या बुट्ट्यांसाठी साटीनचा क्रम, म्हणजे साटीन विणीसारखी ठरावीक उडी घेत मांडणी करायची रीत, शिकले, आणि यातच सगळ्यात जास्त रमले. पाच ओळी, पाच रकाने. बुट्टी पहिल्या ओळीत पहिल्या रकान्यात, मग तिसऱ्या, पाचव्या, दुसऱ्या, चौथ्या. दरवेळी दोनची उडी. बुट्ट्या विखुरल्यासारख्या वाटतात, तरी प्रत्येक रकान्यात एकच. सहाला हे जमत नाही. २, ३ किंवा ४ ची उडी घेतली तर काही रकाने रिकामे राहतात, १ किंवा ५ ची घेतली तर सरळ तिरकी रेघ!

विणायची वेळ आली तेव्हा इचलकरंजी गाठली. मला साडेचार इंचाचं रिपीट हवं होतं. जॅकार्डवाले (नक्षी विणणाऱ्या मागाचे) काका म्हणाले, "ताई, साडेचार कुठनं आणू? हुकं २४० च हाईत की." रिपीटमधल्या प्रत्येक उभ्या धाग्याला एक हुक. ताण्याचे, म्हणजे उभे, इंचाला ६० धागे, म्हणजे रिपीट ४ इंच, विषय संपला. २४० ला ५ ने भाग जातो हे माझं नशीब: प्रत्येक रकान्याला ४८ धागे. नक्षी काढायचा ग्राफ पेपरही धाग्यांच्या प्रमाणातच लागतो. समजा इंचाला ताणा ७२ आणि बाणा (आडवे धागे) ४८ असेल, तर साध्या चौकोनी ग्राफवर काढलेला गोल कापडावर उभं अंडं होऊन बसतो.

आता काठ घेतलाय. गणिताने बघितलं तर कापडभर पसरणाऱ्या नक्षीत सममितीचे १७ प्रकार (रशियन स्फटिकतज्ज्ञ फेदोरोव यांनी १८९१ मध्ये सिद्ध केलेले), काठासारख्या पट्टीत फक्त ७. ते ओळखायला कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या साड्यांच्या दुकानांत हिंडते. परवा एका दुकानदाराने शेवटी विचारलंच, "ताई, साडी घ्यायची हाय का नुसती मोजायची?"