अपघाताचा पेशंट: ट्रॉली आत आल्यापासूनची पहिली मिनिटं

ॲम्ब्युलन्सचा फोन आला की मी आधी कामं वाटते. श्वासमार्ग कोण बघणार, कॅन्युला (शिरेत घालायची बारीक नळी) कोण लावणार, कपडे कोण कापणार, वेळा कोण लिहिणार. सक्शन (तोंडातलं रक्त-उलटी ओढून घेणारं यंत्र) नुसतं चालू करून भागत नाही. नळीचं टोक तळहाताला लावून ओढ बघायची. रक्तपेढीला फोन पेशंट यायच्या आधीच गेलेला असावा. मी ट्रॉलीच्या पायथ्याशी उभी राहते आणि शक्यतो हात घालत नाही. टीम लीडर टाके घालायला वाकला, की सगळं चित्र एकत्र बघणारं कोणी उरत नाही.

पहिली नजर रक्ताकडे. वर्षानुवर्षं ए-बी-सी-डी-ई (श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, मेंदू, कपडे काढून तपासणी) हा क्रम घोकला, पण भळाभळा वाहणारं रक्त त्या ए च्याही आधी थांबवायचं. हातापायाची जखम असेल तर टूर्निके (रक्त थांबवणारा आवळपट्टा) जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांधा सोडून, रक्त पूर्ण थांबेपर्यंत आवळायचा. अर्धवट आवळला तर शिरा दबतात, धमनी वाहतच राहते आणि रक्तस्राव उलट वाढतो. जांघेत किंवा काखेत तो बसत नाही. तिथे बोटाने चाचपून रक्ताचा उगम शोधायचा, गॉज थेट तिथवर ठासून भरायचा आणि घड्याळ लावून किमान ३ मिनिटं दाबून धरायचं. मध्येच ‘थांबलं का’ म्हणून उचलून बघितलं की नुकतीच धरलेली गुठळी निघून येते.

मग नाव विचारायचं. नाव आणि काय झालं ते सलग, स्पष्ट सांगितलं, तर श्वासमार्ग मोकळा आहे, हवा जातेय आणि मेंदूला रक्त पोचतंय, हे दहा सेकंदांत कळतं. घुरघुर ऐकू आली तर आत रक्त किंवा उलटी आहे, सक्शन करा. घोरल्यासारखा आवाज म्हणजे जीभ मागे पडली. मान मागे न झुकवता जबड्याचे दोन्ही कोपरे पुढे उचला. सोबत मास्कने १५ लिटर ऑक्सिजन.

जीसीएस (पेशंट किती शुद्धीवर आहे त्याचे गुण) ८ किंवा त्याखाली असेल तर इन्ट्युबेशन, म्हणजे श्वासनलिकेत ट्यूब, लागतं, हे सगळ्यांना पाठ असतं. घात होतो तो इथेच. रक्त गेलेला पेशंट शिरा आकसून कसाबसा तग धरून असतो. भुलीच्या औषधाने तो ताण सुटतो, वर व्हेंटिलेशनच्या दाबामुळे हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, आणि ट्यूब पडता पडता नाडी जाते. म्हणून श्वासमार्ग बंदच होत नसेल तर मी आधी रक्त चालू करते, मग ट्यूब. शॉकमध्ये (अवयवांना पुरेसं रक्त पोचत नसताना) भुलीचं केटामाइन निम्मं, किलोला ०.५ ते १ मिलिग्रॅम. स्नायू सैल करणारं रोक्युरोनियम मात्र पूर्ण, किलोला १.२ मिलिग्रॅम, कारण रक्ताभिसरण मंद असलं की ते उशिरा पोचतं. मानेच्या कॉलरचा पुढचा भाग काढून एकाने हातांनी मान स्थिर धरायची. ट्यूब जागेवर आहे की नाही ते कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) सांगतो. नुसत्या स्टेथोस्कोपवर मी विसंबत नाही.

ट्यूबनंतर सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) किंवा बीपी कोसळलं, तर परत छातीकडे. आधी किरकोळ असलेला न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा) दाबाच्या हवेने टेन्शन होतो, म्हणजे फुप्फुस आणि हृदय दाबतो. एका बाजूला हवा ऐकू येत नाही, बीपी घसरतंय, एवढं पुरे. एक्स-रेची वाट बघायची नाही. गळ्याच्या शिरा फुगलेल्या असायलाच हव्यात असंही नाही, रक्त खूप गेलेलं असेल तर त्या रिकाम्याच असतात. ती हवा बाहेर काढायची जागा चौथी-पाचवी बरगडीफट, काखेच्या मध्यरेषेच्या जरा पुढे. जाड छातीत साधा कॅन्युला पोचत नाही किंवा दुमडतो. ट्यूब पडलेल्या पेशंटमध्ये मी सरळ छेद घेऊन बोट घालते: खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून, कारण रक्तवाहिन्या प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने जातात. फोर्सेप्स आत गेला की हवा सुस्सकन सुटते, बोटाला फुप्फुस फुगताना लागतं. मग २८ ते ३२ फ्रेंच जाडीचा ड्रेन (छातीत ठेवायची नळी). त्यातून एका दमात १५०० मिलिलिटर रक्त आलं, तर सर्जनला तत्काळ बोलवायचं.

आता बीपी. ११०/७० ऐकून खोलीत सगळे सैलावतात, मला त्याचीच धास्ती वाटते. धडधाकट माणसाचं ३० टक्के रक्त जाईपर्यंत वरचा आकडा टिकून राहू शकतो. लहान मुलांचा त्याहूनही जास्त वेळ, आणि मग एकदम कोसळतो. पासष्टीपुढच्या माणसाला ११० हाच कमी असतो, आणि बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारं औषध) चालू असेल तर नाडीही वाढत नाही. म्हणून गुडघा आणि तळपाय हाताने चाचपायचे. गार, ओलसर पाय आणि अस्वस्थ, सारखा उठू बघणारा पेशंट म्हणजे शॉक, मॉनिटर काहीही म्हणो. पहिलं हिमोग्लोबिनही फसवं. रक्त आणि प्लाझ्मा सोबतच गेलेले असतात, त्यामुळे आकडा उतरायला वेळ लागतो.

रक्त दडायला जागा मोजक्याच: छाती, पोट, कटिबंध, मांडी, शिवाय अपघाताच्या जागी सांडलेलं. फास्ट (पोट-छातीत रक्त आहे का बघणारी झटपट) सोनोग्राफी निगेटिव्ह आली तरी पोटामागचा रक्तस्राव त्यात दिसत नाही. कटिबंध हलवून बघायचा नाही, प्रत्येक हलवण्याने गुठळी निसटते. संशय आला की बाइंडर (कटिबंध आवळून धरणारा पट्टा). तो अनेकदा फार वर, कमरेच्या हाडावर बांधलेला आढळतो आणि तिथे त्याचा काही उपयोग नसतो. मांडीच्या वरच्या टोकाला बाहेरून हाताला लागणारा उंचवटा शोधा, बाइंडरचा मध्य बरोबर त्यावर, आणि गुडघे जवळ बांधा.

दोन जाड कॅन्युला, १६ किंवा १८ गेजच्या. दोन प्रयत्नांत शीर मिळाली नाही तर हाडात सुई. गरम सलाइन जास्तीत जास्त १ लिटर, पुढे रक्तच. लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट समप्रमाणात. जास्त सलाइनने रक्त पातळ होतं, गार पडतं, गोठत नाही. गुठळी टिकवणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम १० मिनिटांत, नंतर १ ग्रॅम ८ तासांत. २०१० च्या क्रॅश-२ चाचणीत वीस हजारांहून अधिक जखमींवर ते तपासलं गेलं. ३ तासांच्या आतच द्यायचं, त्यानंतर ते उलटतं. रक्ताच्या पिशव्यांतलं सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रव्य) कॅल्शियम खातं, तेही भरून द्यायला विसरू नये. रक्तस्राव आटोक्यात येईपर्यंत वरचं बीपी ८० ते ९० चालतं, पण डोक्याला मार असेल तर मुळीच नाही. तिथे ११० हवं, कारण एकदाच बीपी पडलं तरी मेंदूचं नुकसान होतं.

डोळ्यांच्या बाहुल्या, जीसीएस, ग्लुकोज एका मिनिटात. कपडे पूर्ण कापायचे, चौघांनी ओंडक्यासारखं वळवून पाठ बघायची आणि लगेच गरम पांघरूण. ३५ अंशांखाली रक्त नीट गोठत नाही.

बीपी हातात नसेल तर पेशंट सीटीला न्यायचा नाही, ऑपरेशन थिएटर गाठायचं. ट्रॉली हलायच्या आधी: दाताजवळचा ट्यूबचा आकडा, ऑक्सिजन सिलिंडर किती शिल्लक, टूर्निकेची वेळ मोठ्याने वाचून. आणि ड्रेनची बाटली छातीच्या पातळीखाली, क्लॅम्प न लावता.