उन्हाळी तिळाच्या उताऱ्याचा अंदाज कापणीपूर्वी काढताना

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासदांनी अकोला जिल्ह्यात उन्हाळी तीळ घेतला, तेव्हा माल किती निघेल हे तेलघाणेवाल्याला कापणीपूर्वीच सांगण्याचे काम माझ्याकडे आले. सुरुवात मी मागील वर्षांच्या आकड्यांपासून केली. हाती आलेले आकडे बहुतेक खरीप तिळाचे होते आणि त्यांतील उत्पादनाची घसरण बरीचशी सोयाबीनखाली गेलेल्या क्षेत्रामुळे होती, त्यामुळे क्षेत्र आणि हेक्टरी उतारा, म्हणजे हेक्टरमागे निघणारा माल, वेगळे मांडावे लागले. तरीही हंगामातील एकूण पाऊस आणि उतारा यांचा मेळ बसेना. तिळाला कमी पाऊस चालतो. पण भारी काळ्या जमिनीत फुलोऱ्याच्या वेळी पाणी साचले, की मूळ व खोड कुजून एका झडीत पीक हातचे जाते, आणि महिन्याच्या बेरजेत ती झड दिसत नाही. उन्हाळी पिकासाठी तर या आकड्यांचा उपयोग नव्हताच, म्हणून थेट शेतात मोजणी करायचे ठरवले.

वाण बहुतेकांकडे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा एकेटी १०१ होता, जो उन्हाळ्यात साधारण ९० ते ९५ दिवसांत काढणीला येतो. बियाणे इतके बारीक, की पेरताना त्यात चाळलेले शेणखत किंवा वाळू मिसळावी लागते, आणि उताऱ्यातील पहिली तफावत तिथेच पडते. थंडी ओसरण्यापूर्वी घाईने पेरलेल्या शेतांत उगवण विरळ होती, तर ज्यांनी वेळेवर विरळणी केली नव्हती त्यांच्याकडे झाडे दाट, उंच आणि फांद्यांविना वाढलेली होती. शेताच्या बांधाकडची जागा सोडून मी निरनिराळ्या ठिकाणी एक चौरस मीटरची चौकट टाकून झाडे मोजत गेलो.

झाडे मोजताना पर्णगुच्छाची झाडे वगळावी लागतात. तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या या रोगात फुलांच्या जागी बारीक पानांचे झुपके येतात. रस्त्यावरून पाहिले तर शेतात सर्वांत हिरवेगार तेच झाड दिसते, पण त्याला धड बोंड लागत नाही.

बोंडांची मोजणी अधिक कसाची होती. तीळ खालून वर पिकतो, त्यामुळे एकाच झाडावर खालची बोंडे पिवळी पडत असताना शेंड्याला फूल असते. मी खालचे, मधले आणि शेंड्याजवळचे बोंड काळ्या कापडावर फोडून दाणे मोजले. खालच्या बोंडाचे चारही कप्पे टपोऱ्या दाण्यांनी भरलेले होते. शेंड्याच्या बोंडातले दाणे बोटाने दाबताच पापुद्र्यासारखे चपटे झाले. चौरस मीटरला २० झाडे, झाडाला ४० बोंडे, बोंडात ५५ दाणे आणि हजार दाण्यांचे वजन ३ ग्रॅम धरले, तर एकरी सव्वापाच क्विंटलच्या वर हिशेब जातो. त्याच झाडावरची केवळ भरलेली २८ बोंडे धरली, तर तो पावणेचारांच्या आत येतो. एकाच शेताचे हे दोन आकडे पाहून एक सभासद काका हसत म्हणाले, “भाऊ, हा झाडावरचा हिशेब झाला, ताडपत्रीवरचा अजून बाकी आहे.”

त्यांचे म्हणणे खरेच होते. पाऊणएक पाने व बोंडे पिवळी पडताच कापणी केली नाही, तर खालची बोंडे तडकून दाणे जमिनीवर सांडतात. फार आधी केली, तर वरचा माल पोचट राहतो. कापलेल्या पेंढ्या उभ्या करून वाळवायच्या आणि मग ताडपत्रीवर उलट्या करून झटकायच्या, हे काम मजूर वेळेवर मिळण्यावर अवलंबून असते, आणि मजुरांची टंचाई कुठल्याच सूत्रात बसत नाही. म्हणून प्रत्येक सभासदाला मी मोजणीच्या वेळीच विचारून ठेवले, की कापणीला माणसे ठरली आहेत का. ज्यांची ठरली नव्हती त्यांच्या अंदाजातून सांडणीसाठी जास्त वजावट केली.

घाणेवाल्याला शेवटी एक आकडा न देता किमान आणि कमाल असे दोन आकडे दिले, आणि करार किमान आकड्यावरच केला. कंपनीच्या बैठकीत काहींना तो फार सावध वाटला, कारण जास्तीचा माल नंतर पडत्या भावाने विकावा लागेल अशी त्यांना भीती होती. पण पेंढ्या शेतात उभ्या असताना अवकाळी पाऊस आला, तर भिजलेल्या पांढऱ्या तिळाचा रंग जातो आणि भाव त्याहून खाली पडतो, त्यामुळे मी आकडा वाढवला नाही.