पांढऱ्या फुलाची की गुलाबी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. “दिवाणजी, सदाफुली पांढऱ्या फुलाची घेतलीत की गुलाबी?” सांगलीच्या मार्केट यार्डात आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी मला हे विचारतंच. आमच्या दारात दोन्ही रंगांची सदाफुली आहे आणि माझा कॅन्सर बरा झाला, एवढं लोकांना ठाऊक. मधलं सगळं त्यांनी आपापलं जोडून घेतलंय.

मधलं असं. दाढी करताना मानेला गाठ लागली. महिनाभर मी ती सर्दीवर ढकलली. बायोप्सीत लिम्फोमा निघाला, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या भावकीतला. मग मिरजेला एकवीस-एकवीस दिवसांनी सहा डोस. आधी तासन्‌तास चालणारं एक सलाईन, पहिल्या वेळी त्याने अशी हुडहुडी भरली की पलंग हलायला लागला. मग कोकम सरबतासारखं लाल औषध, त्याने दुसऱ्या दिवशीपर्यंत लघवीही लाल. आणि एका छोट्या पिशवीतून पाण्यासारखं बिनरंगी व्हिन्क्रिस्टिन. घरी आल्यावर पाच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या. रात्री दोनला टक्क जागा, आणि वर भूक.

हे व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीचं. मला ते तिसऱ्या डोसाला कळलं, तेही बोलणी खाऊन. आत्याने पानांचा काढा पाठवला होता. दोन सकाळी प्यालो आणि डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं.

“अहो, सदाफुली तर मीच देतेय तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “दोन मिलिग्रॅम. त्याच्या वर एका डोसात जात नाही मी. काढ्यातून किती गेली, मोजलीत?”

मी अडतीतला माणूस. काट्यावर न घालता माल पोटात घेतला, हे मनाला फार लागलं.

मग वाचत बसलो. जमैकात लोक या पानांचा चहा मधुमेहावर घेत, आपल्याकडे चघळतात तसंच. 1950च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी त्याचा अर्क उंदरांना देऊन पाहिला. साखर उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र कोसळल्या. त्यातून व्हिन्ब्लास्टिन हाती आलं, पुढे त्याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन. या झाडात शंभरावर अल्कलॉइड, म्हणजे झाडाने स्वतः तयार केलेली रसायनं, असतात आणि व्हिन्क्रिस्टिन त्यात इतकं कमी की एका ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळली पानं लागतात. एका ग्रॅममध्ये माझ्यासारख्यांचे पाचशे डोस. काढ्यात काय उतरलं आणि किती, ते आत्यालाही माहीत नाही.

हळदीचंही विचारतात. आमच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला अभिमानच आहे. पण हळदीने कॅन्सर टळत असता, तर तीस वर्षं तिची धूळ नाकातोंडात घेणाऱ्या माझ्यापर्यंत तो आलाच नसता.

दोन मिलिग्रॅमनेही काय केलं ते ऐका. व्हिन्क्रिस्टिन नसांवर जातं. चौथ्या डोसानंतर बोटांची टोकं बधिर झाली. शर्टाची बटणं बायको लावायची. एकदा दुकानात जाऊन बसलो, तर पाचशेच्या दोन नोटा चिकटलेल्या बोटांना कळल्याच नाहीत, शेतकऱ्याने स्वतःहून परत केली. लाज वाटली. आतड्यांच्या नसाही मंदावतात. तासगावचे बेदाणे भिजवून भिजवून खाल्ले, शेवटी पोट साफ झालं ते औषधानेच. आणि प्रत्येक डोसानंतर दुसऱ्या आठवड्यात पेशी तळाला. ताप 100.4 दिसला की थांबायचं नाही, असं बजावलेलं. पाचव्या डोसानंतर रात्री दीडला आम्ही मिरजेला निघालो, मफलर, मास्क आणि तीन दिवसांचे कपडे घेऊन. सहा दिवस राहावं लागलं.

स्कॅन साफ आला, त्याला आता दोन वर्षं झाली. बोटं बरीचशी परतलीत. उजवी करंगळी नाही.

रंगाचं म्हणाल, तर पांढरी आणि गुलाबी एकाच जातीची झाडं. पिशवीतल्या पाण्याला तर रंगच नव्हता. दारातली फुलं पूजेला खुशाल न्या. पानं तोडलेली दिसली की मात्र मी बाहेर येतो आणि विचारतो, घरात कोण आजारी आहे?