वेंगुर्ला अ‍ॅरेत भरताना - माझा अनुभव

गणपतीत आमच्या वाडीत संध्याकाळी पोरांसाठी काही ना काही खेळ असतोच, चाकरमान्यांची पोरंही आलेली असतात, तर यावेळी 'गाव ओळखा' करायचं ठरलं. म्हणजे मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी अशा नावांची अक्षरं सुटी करायची, पिसायची, चिठ्ठ्यांवर छापायची आणि पोरांनी जुळवायची. हातानं लिहिलं असतं तर पटकन झालं असतं हे मान्य, पण भाच्याचं डिप्लोमाला सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा चालू आहे, स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) आणि अ‍ॅरे (म्हणजे ओळीने मांडलेली घरं) नुकतंच शिकवून झालेलं, म्हटलं चला ह्यालाच कामाला लावू.

सी मध्ये स्ट्रिंग म्हणजे मुळात कॅरेक्टरचा अ‍ॅरेच, फक्त मजकूर संपल्यावर पुढच्या घरात शून्य. एका अ‍ॅरेतलं दुसऱ्यात टाकायला सरळ बरोबरचं चिन्ह देऊन चालत नाही, कंपायलर (प्रोग्रॅम तपासून चालवण्याजोगा करणारा) तिथेच अडवतो, एकतर लूप (तेच काम परत परत करणारा तुकडा) लावून एकेक घर भरा नाहीतर स्ट्रकॉपी हे तयार फंक्शन वापरा. भाच्याने १० घरांचा अ‍ॅरे घेतला, इंग्रजी स्पेलिंगमध्ये मालवणची ६ अक्षरं, शून्य धरून ७ घरं, एकदम ओके.

मग मराठीत 'मालवण' दिलं आणि लांबी मोजणारा स्ट्रलेन म्हणाला १५. विंडोजच्या काळ्या खिडकीत मराठी नीट दिसेना म्हणून आउटपुट फाईलमध्ये घेतलं आणि प्रत्येक घराचा आकडा छापून बघितला, तर सुरुवातीलाच -३२, -९२, -८२. भाचा बघतच राहिला. "मामा, ह्या काय इला?" तर ह्या तीन आकड्यांचा मिळून एक 'म' होतो. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत) देवनागरीच्या नेहमीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट (० ते २५५ मधले आकडे) लागतात, पहिला बाइट कायम २२४, फक्त ह्या मशीनवर कॅरेक्टर साइन्ड (उणे आकडेही धरणारा) असल्याने तो -३२ दिसतो. म, काना, ल, व, ण अशी ५ चिन्हं, म्हणून १५, आणि शेवटचं शून्य धरून १६ घरं हवीत. १० च्या अ‍ॅरेत स्ट्रकॉपी केलं तर ते निमूटपणे हद्दीबाहेर लिहीत सुटतं. मर्यादा घालता येणाऱ्या स्ट्रएनकॉपीला १० ची मर्यादा घातली तर काय होतं ते मुद्दाम करून बघितलं: म, काना, ल पूर्ण आले, 'व' चा पहिला बाइट आला आणि शेवटी शून्य नाहीच, कारण मूळ स्ट्रिंग मर्यादेपेक्षा लांब असली की ते शून्य लावत नाही. माझ्या मते शिकवताना हे स्ट्रकॉपीच्याही आधी सांगायला हवं, पण असो.

सी बाजूला ठेवून पायथन ह्या दुसऱ्या भाषेला वळलो. लिस्ट म्हटलं की स्ट्रिंगची घरं आपोआप पडतात आणि बाइटची कटकट नाही. मालवणची ५ घरं झाली. चिठ्ठ्या पिसून छापल्या तर एका चिठ्ठीवर नुसता काना, ठिपक्यांच्या गोलावर बसलेला, होडी नसलेल्या वल्ह्यासारखा. वेंगुर्लाच्या तर ९ चिठ्ठ्या: व, मात्रा, अनुस्वार, ग, उकार, र, हलन्त, ल, काना. जावा भाषेतल्या, स्ट्रिंग सुटी करणाऱ्या टूकॅरअ‍ॅरेनेही तेवढेच ९ तुकडे दिले. आता दुसरीतल्या पोराच्या हातात नुसता हलन्त देऊन काय करणार?

तयार सोय आहे, रेगेक्सवाली (मजकुरातले नमुने शोधणारी), पण तिथे युनिकोडची (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर आणि नियम देणाऱ्या मानकाची) आवृत्ती कुठली ते बघावं लागतं. जोडाक्षर न तोडण्याचा नियम देवनागरीला २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, त्याआधीच्या नियमाने चालणारी लायब्ररी 'र्' वेगळा काढते आणि 'ला' वेगळा. म्हणून आमचा आम्हीच लूप लिहिला: चिन्ह काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार किंवा हलन्त असेल तर आधीच्या घरातच चिकटवायचं, आधीचं घर हलन्तावर संपत असेल तरी चिकटवायचं, नाहीतर नवीन घर. बस एवढंच. वें, गु, र्ला. तीन घरं!

पण तीन चिठ्ठ्यांच्या मांडण्या होतात सहाच, पोरं ते चहा यायच्या आत जुळवणार. मग वेंगुर्ला आणि कुडाळ बारक्यांना दिले आणि मोठ्यांना सावंतवाडी, कणकवली, संगमेश्वर, प्रत्येकी पाच घरं. कणकवलीत 'क' दोनदा येतो, म्हणून तपासताना चिठ्ठ्यांचे नंबर न बघता जोडून झालेला शब्द बघायचा असं ठरवलं.

दुसऱ्या राउंडला 'किनाऱ्यावर' घेतला तिथे परत अडलं. जुन्या फाईलमधून उचललेल्या शब्दात अर्धा र हा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडक असा टाइप केलेला होता, आणि मी स्वतः टाइप केलेल्यात वेगळा ऱ. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण जोडकामुळे घर हलन्तावर संपतच नाही, त्यामुळे 'या' सुटा पडला. जोडकही आधीच्या घरात चिकटवायचा आणि घर त्याच्यावर संपलं तरी पुढचं चिन्ह तिथेच घ्यायचं अशी भर टाकल्यावर कि, ना, ऱ्या, व, र अशी पाच घरं नीट पडली.

खेळ झाल्यावर भाच्याने हेच परत सी मध्ये करायला घेतलं. तिथे साधा अ‍ॅरे पुरत नाही, दोन मितींचा लागतो, एका ओळीत एक अक्षर आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी त्याचं त्याचं शून्य. ओळ १० बाइटची धरायला निघाला होता, म्हटलं अरे थांब, एकटा 'र्ला' च १२ बाइट खातो आणि वर शून्य. मग ३२ ची धरली.